शून्य गेलं तेव्हा

कुताइसीत वादळानं पिंपरणीचं झाड तारांवर पाडलं
आणि न्यूट्रल तुटली.
आमच्याकडे म्हणतात, शून्य गेलं.
शून्य गेलं की दोनशेवीसच्या घरात
तीनशेऐंशी शिरतात,
चपला न काढता.

चार तास अंधार होता, तो कुणालाच आठवत नाही.
आठवतो उजेड परत आला तो क्षण:
बल्ब पांढरेफटक, फ्रिजची किंकाळी,
आणि पाचही मजल्यांवर एकच वास.

मी एतेरी. बाजारामागच्या तळघरात माझं दुकान.
सकाळी रांग लागली.
मोडेम, चार्जर, चिनी हीटर मी दारातूनच परत पाठवले.
त्यांना पोटच नसतं, उघडणार काय?

मग नुगझार आला, ट्रॉलीबसचा जुना ड्रायव्हर,
हातगाडीवर रेडिओग्राम घेऊन,
चादरीत गुंडाळलेला, आजारी माणसाला आणावं तसा.
रीगाचा, चार पायांचा, अक्रोडी रंगाचा.
"तुझ्या बापानंच केला होता, ब्याण्णवच्या हिवाळ्यात.
म्हणाला होता, तुझ्यामागेही चालेल."

मागचा पुठ्ठा काढला.
धूळ, एक वाळलेली गांधीलमाशी,
आणि पत्र्यावर पेन्सिलीनं बाबांचं अक्षर:
तारीख, खाली "झालं".
बाबा शब्द कमी वापरायचे, सोल्डरही.
प्रत्येक जोड मसुरीएवढा, चकचकीत.

ट्रान्सफॉर्मर जळून गेला होता.
डांबर वितळून लाकडावर ठिबकलं होतं.
मी बोट लावून बघितलं, अजून चिकट.
मग फ्यूज काय करत होता?

फ्यूजच्या जागी तांब्याची तार होती.
काडेपेटीच्या काडीएवढी जाड.
दोन्ही टोकांना तेच जोड,
मसुरीएवढे, चकचकीत.

नऊ वर्षांची असताना मी उडालेल्या फ्यूजला
चॉकलेटची चांदी गुंडाळली होती.
बाबांनी हातावर फटका मारला.
"वेळेवर मरणं एवढंच काम आहे त्याचं.
तेही करू देणार नाहीस?"

"काय झालंय?" नुगझारनं विचारलं.
"वय," मी म्हणाले.
तो हसला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं:
"तेव्हा बातम्यांच्या मधेच बंद पडायचा.
आणि मुलगा सुखुमीच्या बाजूला होता.
तुझ्या बापाला म्हटलं, काहीही कर,
पण बातम्यांच्या मधे नको."

मुलाचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.
ब्याण्णवला या शहरात फ्यूज नव्हते.
पावही नव्हता.

सातशे चाळीस वेढे, हातानं.
तीनशेबाराव्याला मावशीचा फोन आला,
परत एकपासून.
रात्री झोपेतही बोटं मोजत होती.
व्हॉल्व्ह मात्र सगळे शाबूत निघाले, म्हाताऱ्यांची हाडं.
फुगलेले दोन कपॅसिटर बदलले,
आणि काचेचा छोटा फ्यूज बसवला,
अर्ध्या अँपिअरचा, केसाएवढ्या जिवाचा.

नुगझार समोर स्टूलवर बसला, टोपी मांडीवर.
बटण दाबलं. आधी काही नाही.
मग धूळ तापल्याचा वास,
मग हिरवा डोळा हळूहळू किलकिला झाला.
शॉर्टवेव्हवर आता कुणीच बोलत नाही.
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती खरखर.
तो काटा फिरवत राहिला, पुन्हा पुन्हा,
एका ठरावीक जागी थोडा थांबून.

तेवढ्यात दिवे भडकले.
रस्त्यावरच्या त्या जोडाला कुणी नीट आवळलंच नव्हतं.
टिक.
डोळा मिटला.

"परत बिघडला?"
"नाही. आता बरोबर चाललाय."

त्याला काही कळलं नाही. मी फ्यूज बदलला,
आणखी चार त्याच्या टोपीत टाकले.
त्यानं पाकीट काढलं, ओलं बोट लावून नोटा मोजायला लागला.
मी विचारलं, "बाबांनी तेव्हा किती घेतले होते?"
"अर्धं पोतं मक्याचं पीठ."
"मग ठेव ते आत," मी म्हणाले,
"गॅरंटीत आहे अजून."